पाण्याचा हिशेब : मुंबईचे दूध आणि शुद्धतेचा कायदा

दुधात पाणी घालणे हा गुन्हा आहे ही गोष्ट आज स्वयंसिद्ध वाटत असली, तरी ब्रिटिश अमदानीतील फौजदारी कायद्याला तो गुन्हा बराच काळ नीट पकडता आला नव्हता. १८६० च्या भारतीय दंड संहितेत खाद्यपेयांतील भेसळीसाठी २७२ आणि २७३ ही दोन कलमे होती आणि त्यांखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षाही सांगितलेली होती. परंतु भेसळीमुळे तो पदार्थ खाण्यापिण्यास ‘अपायकारक’ झाला पाहिजे, ही त्या कलमांची मूळ अट होती. विहिरीचे स्वच्छ पाणी घातलेले दूध पातळ होते, बेचव होते, घेणाऱ्याचे पैसे वाया जातात, पण ते पिऊन कोणी आजारी पडेलच असे सिद्ध करता येत नाही. त्यामुळे शहरांत सर्रास चालणारी ही फसवणूक विषप्रयोगासाठी बेतलेल्या कलमांच्या कक्षेबाहेरच राहिली. ज्या ग्राहकाने दूध मागितले आणि ज्याला दूधपाणी मिळाले, त्याचे नुकसान नेमके काय झाले, हे सांगणारी वेगळी भाषा कायद्याला हवी होती.

ती भाषा इंग्लंडमधून आली. तेथील १८७५ च्या अन्न व औषध विक्री कायद्याने अपायाचा प्रश्न बाजूला ठेवून, ग्राहकाने मागितलेल्या वस्तूचे स्वरूप, तिचा घटक आणि तिचा दर्जा यांत फरक पडून त्याची हानी होते का, एवढेच पाहण्याची पद्धत घालून दिली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानातील प्रांतांनी हीच कल्पना उचलून आपापले कायदे केले. बंगालचा कायदा १९१९ चा, तर मुंबई इलाख्याचा भेसळ प्रतिबंधक कायदा १९२५ चा. या सर्व कायद्यांची व्याप्ती तुटक होती. एका प्रांतात गुन्हा ठरणारी गोष्ट शेजारच्या प्रांतात चालून जाई, आणि अंमलबजावणी बव्हंशी नगरपालिकांच्या आरोग्य खात्यांवर सोपवलेली असल्यामुळे ज्या गावात विश्लेषक नाही आणि प्रयोगशाळाही नाही, तेथे कायदा कागदावरच राही.

मुंबईत मात्र प्रश्न कागदावर राहण्यासारखा नव्हता. शहराचे दूध तेव्हा शहरातच निघत असे. दाटीवाटीच्या वस्तीतील गोठ्यांत, ज्यांना मुंबईकर तबेले म्हणतात, हजारो म्हशी बांधलेल्या असत. त्यांना कडबा, पेंड आणि सरकी बाहेरगावाहून येई आणि गवळी व उत्तरेकडून आलेले भय्ये पितळी किटल्यांतून घरोघर रतीब घालत. रतीब म्हणजे रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या मापाने दूध देण्याचा करार. त्याचा हिशेब महिनाअखेरीला होई आणि दुधाच्या पातळपणावरून होणारी हुज्जतही बहुधा त्याच दिवशी होई. म्हैस आटली की तिला पुन्हा गाभण राहीपर्यंत पोसणे शहरात परवडत नसे. म्हणून चांगल्या दुभत्या म्हशी एका वेतानंतर कसायाकडे जात आणि नव्या म्हशी विकत आणल्या जात. दुधाचा भाव चढा राहण्यामागे हा अर्थव्यवहार होता आणि पाण्याची भेसळ त्या चढ्या भावातूनच उगवत होती. मुंबईचे डॉ. लेम्युएल लुकास जोशी यांनी १९१६ मध्ये भारतीय शहरांतील दूधप्रश्नावर, विशेषतः मुंबईच्या संदर्भात, एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. हा विषय केवळ गवळ्यांच्या लबाडीचा नसून शहराच्या रचनेचा आणि आरोग्याचा आहे, ही जाणीव त्या काळातच झालेली होती. पोलिसी उपायांवरच भिस्त ठेवणाऱ्या पुढच्या पिढीतील प्रशासकांना तिचा वारंवार विसर पडला.

पोलिसी उपायाचे पहिले हत्यार म्हणजे लॅक्टोमीटर. तळाशी वजन असलेली काचेची पोकळ नळी दुधात सोडली की दूध जितके दाट तितकी ती वर तरंगते. निर्भेळ गाईच्या दुधाची घनता पाण्याच्या सुमारे १.०३ पट असते, म्हणून नळीवरील आकडा तिशीच्या आसपास दिसतो. पाणी घातले की तो घसरतो. वरवर पाहता हा चोख न्याय आहे, परंतु त्यात एक मोठी फट आहे. दुधातील स्निग्धांश, म्हणजे लोकभाषेतील फॅट, पाण्यापेक्षा हलका असतो, तर उरलेले घन पदार्थ, म्हणजे प्रथिने, दुधातील साखर आणि क्षार, पाण्यापेक्षा जड असतात. त्यामुळे आधी साय काढून घेतली तर दुधाची घनता वाढते आणि मग हिशेबाने पाणी घातले तर ती पुन्हा जागेवर येते. अशा रीतीने दुहेरी लूट केलेले दूध लॅक्टोमीटरपुढे साळसूदपणे उभे राहते, आणि ज्याने साय काढलीच नाही अशा सच्च्या गवळ्याचे अतिशय सकस दूध, फॅट जास्त असल्यामुळेच, किंचित ‘हलके’ दिसू शकते. साखर, मीठ किंवा पिठूळ पदार्थ टाकून आकडा वर चढवण्याची युक्तीही याच यंत्राने शिकवली.

फॅट स्वतंत्रपणे मोजल्याशिवाय ही फट बुजणार नव्हती. स्वित्झर्लंडच्या निक्लाउस गर्बर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोधलेली पद्धत त्यासाठी सर्वत्र रुजली. अरुंद मानेच्या एका विशिष्ट काचनळीत १० मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल घ्यायचे, त्यावर १०.७५ मिलिलिटर दूध हळूच सोडायचे, १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल घालून बूच लावायचे आणि नळी हलवायची. आम्लाने प्रथिने विरघळतात, मिश्रण तापते, तपकिरी काळसर होते, आणि ती नळी यंत्रात गरगर फिरवली की पिवळसर फॅटचा स्वच्छ स्तंभ मानेत वर येऊन थांबतो. त्याची उंची म्हणजेच फॅटची टक्केवारी. हा आकडा आणि लॅक्टोमीटरचा आकडा एकत्र करून, ब्रिटिश रसायनज्ञ रिचमंड यांच्या सूत्राने फॅटखेरीज उरणाऱ्या घन पदार्थांचे प्रमाण काढले जाते. त्यालाच आज खेड्यापाड्यांतील दूधउत्पादक ‘एसएनएफ’ म्हणतात. फॅट आणि एसएनएफ हे दोन आकडे पुढे दुधाच्या कायद्याचे दोन खांब झाले, आणि दूध कसे आहे हा प्रश्न तेव्हापासून दुधाला काय ‘लागले’ या प्रश्नात बदलला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईची लोकसंख्या फुगली, दुधाची टंचाई झाली आणि सरकारला दुधाच्या धंद्यात स्वतः उतरणे भाग पडले. १९४५ च्या मुंबई दूध योजनेने खेडा जिल्ह्यातील आणंदहून पाश्चरीकरण केलेले दूध रेल्वेने मुंबईला आणण्याची व्यवस्था केली. त्या योजनेत पोल्सन कंपनीला मिळालेल्या मक्तेदारीविरुद्धच्या असंतोषातून पुढच्याच वर्षी खेडा जिल्ह्यातील सहकारी दूध संघ उभा राहिला, हा इतिहास सुपरिचित आहे. त्यापुढे काहीसे झाकोळून गेलेले नाव दारा खुरोडी यांचे. मुंबई सरकारचे दूध आयुक्त म्हणून त्यांनी शहरातील तबेले हलवून गोरेगावला १९४९ मध्ये आरे दूध वसाहत उभी केली, १९५१ मध्ये तेथील मध्यवर्ती दुग्धालयाचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले, आणि १९६३ मध्ये त्रिभुवनदास पटेल व वर्गीस कुरियन यांच्याबरोबर खुरोडींनाही मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परंतु भेसळीच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम ‘टोन्ड’ दूध हे आहे, आणि त्यातील विसंगती पुरेशी लक्षात घेतली जात नाही.

टोन्ड दूध कसे तयार होते हे साध्या अंकगणिताने पाहता येते. म्हशीच्या एक किलो दुधात समजा ७ टक्के फॅट आणि ९ टक्के एसएनएफ आहे. टोन्ड दुधाचे प्रमाण फॅट ३ टक्के व एसएनएफ ८.५ टक्के असे ठरलेले आहे. ७० ग्रॅम फॅट ३ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे २.३३ किलो दुधाला पुरते, पण तेवढ्या दुधाला जवळपास २०० ग्रॅम एसएनएफ लागते आणि मूळ दुधात ते फक्त ९० ग्रॅम असते. म्हणून सुमारे ११० ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी आणि सव्वा किलोच्या आतबाहेर पाणी घातले जाते. एका लिटरचे अशा रीतीने सव्वादोन लिटरहून अधिक होते, भाव उतरतो आणि मूळ म्हशीच्या दुधापर्यंत ज्यांचा हात पोहोचत नव्हता त्यांनाही दूध घेता येते. लोकोपयोगाच्या दृष्टीने हा शोध मोठाच होता. मात्र ज्या कृतीसाठी गवळ्याला दंड होत होता, ती म्हणजे दूध पातळ करून वाढवणे, हीच कृती आता सरकारी कारखान्यात, परदेशी भुकटीच्या जोरावर, शास्त्रशुद्ध मापाने होऊ लागली होती. दोन्हींत फरक तीन गोष्टींचा होता: पाणी स्वच्छ होते, कमी पडणारे एसएनएफ भरून काढले जात होते, आणि बाटलीवर खरे नाव लिहिलेले होते. पहिल्या दोन गोष्टी प्रयोगशाळेच्या आहेत; तिसरी कायद्याची. दुधातील भेसळीचा प्रश्न लेबलाच्या प्रश्नाशी कायमचा जोडला गेला तो येथे. भेसळ करणाऱ्याला स्वस्त दुधाने बाजारातच हरवावे, हा या योजनेमागील विचार खटल्यांपेक्षा अधिक परिणामकारक होता.

राज्यघटनेने अन्नभेसळ हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्ये या दोघांनाही कायदा करता येईल अशा विषयांत घातला, आणि त्या आधारावर संसदेने १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा केला. तो १ जून १९५५ पासून लागू झाला आणि प्रांतिक कायदे मागे पडले. मागितलेल्या वस्तूचे स्वरूप, घटक व दर्जा यांची जुनी कसोटी त्यात होतीच; परंतु तिच्या जोडीला दुसरी, अधिक कठोर कसोटी आली: नियमांत ठरवून दिलेल्या प्रमाणापेक्षा शुद्धता कमी भरली की पदार्थ भेसळयुक्त समजावा. याचा अर्थ असा की दुधात पाणी घातले गेले हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. महाराष्ट्रात म्हशीच्या दुधात फॅट ६ आणि एसएनएफ ९ टक्के, गाईच्या दुधात अनुक्रमे ३.५ आणि ८.५ टक्के असे किमान आकडे होते. त्यांच्या खाली दूध गेले की गुन्हा पूर्ण झाला, मग उणीव नळाच्या पाण्याने आली असो, उन्हाळ्याने आली असो की निकृष्ट वैरणीने. १९६४ च्या दुरुस्तीने सर्वसाधारणपणे किमान सहा महिन्यांची कैद आणि हजार रुपये दंड ठरवला, आणि आणीबाणीच्या काळातील १९७६ च्या दुरुस्तीने, भेसळीमुळे मृत्यू किंवा गंभीर इजा होईल तेथे जन्मठेपेपर्यंत मजल नेली. कायदा कडक होत गेला याचे श्रेय राज्यकर्त्यांनी घेतले. पण आकडा अर्ध्या टक्क्याने चुकलेला सायकलवरचा दूधवाला आणि विषारी रसायन मिसळणारा साठेबाज यांच्यावर एकाच कायद्याचा, एकाच शब्दाचा शिक्का बसत होता, हा त्याचा दोष दूर व्हायला पुढे कित्येक दशके लागली.

या कायद्याची प्रत्यक्ष कारवाई पाहण्याजोगी आहे. अन्न निरीक्षक साक्षीदार बोलावून दूध विकत घेई; नमुना म्हणून फुकट घेण्याची मुभा त्याला नव्हती, किंमत द्यावी लागे. दूध ढवळून त्याचे तीन सारखे भाग कोरड्या स्वच्छ बाटल्यांत भरायचे, ते नासू नये म्हणून दर २५ मिलिलिटरला फॉर्मॅलिनचे दोन थेंब घालायचे, बूच, कागद, दोरा आणि लाखेची मोहर, त्यावर सह्या, असा तो विधी होता. मूळ योजनेत एक भाग विक्रेत्याला, एक सरकारी विश्लेषकाला आणि एक न्यायालयासाठी असे. विश्लेषकाचा अहवाल मान्य नसेल तर आरोपीला दुसरा भाग केंद्रीय अन्न प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा हक्क होता आणि तिचे प्रमाणपत्र अंतिम मानले जाई. पुण्याची राज्य आरोग्य प्रयोगशाळा पुढे अशा चार केंद्रीय प्रयोगशाळांपैकी एक झाली. ढवळणे नीट झाले नाही, साक्षीदार उलटला, फॉर्मॅलिन घातल्याची नोंद करायची राहिली, खटला दाखल व्हायला उशीर झाला, यांपैकी एखाद्या कारणाने प्रकरण कोसळत असे. दिल्ली महानगरपालिकेने चालवलेल्या दह्याच्या एका खटल्यात, उशिरामुळे आरोपीचा नमुना तपासण्यायोग्यच राहिला नाही आणि त्यामुळे त्याचा मोलाचा हक्क हिरावला गेला, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकात त्याची सुटका कायम केली. हा निर्णय पुढे देशभरच्या वकिलांनी ढालीसारखा वापरला. नासणाऱ्या पदार्थाचा कायदा न नासणाऱ्या फायलींनी चालवण्यात ही अडचण अटळच होती.

आकड्यांनाही भूगोल असतो, हे तुपाच्या बाबतीत अधिक स्पष्ट दिसते. तुपाची शुद्धता ठरवताना त्यातील उडून जाणाऱ्या आम्लांचे प्रमाण, म्हणजे रायशर्ट-माइसल मूल्य, पाहिले जाते. देशाच्या बहुतेक भागांत हे मूल्य किमान २४ ते २८ असावे असा नियम होता. परंतु गुरांना सरकी भरपूर चारली जाते अशा कापूस पिकणाऱ्या पट्ट्यांतील अस्सल तुपातही ते नैसर्गिकरीत्याच कमी भरते, म्हणून त्या पट्ट्यांसाठी २१ चा वेगळा आकडा लिहावा लागला. सरकीवर पोसलेल्या म्हशीचे निर्भेळ लोणी कढवणाऱ्याला, जिल्ह्याची हद्द ओलांडताच, भेसळीच्या आरोपाचा धनी व्हावे लागणे शक्य होते. वनस्पती तुपाच्या बाबतीत सरकारने याहून धोरणी मार्ग काढला. वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल घालणे कारखानदारांना सक्तीचे केले, कारण तीव्र मिठाच्या आम्लाशी आणि साखरेशी तिळाच्या तेलाचा संपर्क आला की लाल रंग उमटतो. त्यामुळे असे वनस्पती साजूक तुपात मिसळले तर साध्या परीक्षणातही चोरी उघडी पडते. चोराच्या अंगावर आधीच रंग टाकून ठेवण्याचा हा उपाय दुधाला मात्र लागू करता येण्यासारखा नव्हता, कारण पाण्याला खूण करता येत नाही.

म्हणून दुधात खूण भांड्यावर करावी लागली. नियमांनी दुधाच्या प्रत्येक जातीला अक्षर दिले. म्हशीच्या दुधाला ‘बी’, गाईच्या दुधाला ‘सी’, टोन्डला ‘टी’, डबल टोन्डला ‘डीटी’, साय काढलेल्या दुधाला ‘के’, आणि पाश्चरीकरण झाले असल्यास त्याआधी ‘पी’. पर्याय म्हणून झाकणाचा किंवा पिशवीचा रंग चालत असे, पण कोणता रंग कशाचा याची यादी विक्रीच्या जागी लावणे बंधनकारक होते. ज्या शहरात निम्म्या गिऱ्हाइकांना इंग्रजी अक्षरे वाचता येत नव्हती, तेथे रंगांनीच काम केले, आणि मुंबईकर गृहिणी दूध आजही पिशवीच्या रंगावरूनच मागते. पण लेबल विश्वासाचे झाले तसे लेबलच भेसळीचे साधन झाले. नावाजलेल्या दुधाची पिशवी कोपऱ्यात कापायची, थोडे दूध काढायचे, तेवढे पाणी भरायचे आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर किंवा तापवलेल्या पिनेने तोंड पुन्हा चिकटवायचे, हा उद्योग मुंबईच्या चाळी-झोपडपट्ट्यांतील बंद खोल्यांत पहाटेच्या आधी चालतो आणि अन्न व औषध प्रशासनाच्या धाडींत पुन्हापुन्हा उघडकीस येतो. येथे पिशवीवर छापलेले प्रत्येक अक्षर खरे असते.

२००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून अंमलात आला आणि त्याने १९५४ च्या कायद्याची जागा घेतली. ‘भेसळ’ या एका शब्दाखाली कोंबलेल्या गोष्टी त्याने वेगळ्या केल्या. असुरक्षित अन्न, कमी दर्जाचे अन्न आणि चुकीचे लेबल लावलेले अन्न हे तीन प्रकार मानून, पहिल्याला तुरुंगवास आणि उरलेल्या दोहोंना अधिकाऱ्यापुढील सुनावणीनंतर दंड, कमी दर्जासाठी पाच लाख आणि लेबलासाठी तीन लाख रुपयांपर्यंत, अशी वाटणी केली. ही वाटणी किती आवश्यक होती हे दोन पाहण्या शेजारी ठेवल्या की कळते. २०११ मध्ये घेतलेल्या १,७९१ नमुन्यांपैकी ६८.४ टक्के नमुने प्रमाणात बसले नाहीत आणि देश विष पीत आहे अशी ओरड झाली. २०१८ च्या पाहणीत ६,४३२ नमुने तपासले गेले, तेव्हा आरोग्याला घातक भेसळ फक्त १२ नमुन्यांत आढळली. दुधाने सात वर्षांत एवढी सुधारणा केली असे कोणी मानणार नाही. पहिल्या पाहणीने फॅट-एसएनएफच्या उणिवेला आणि विषाला एकाच टोपलीत टाकले होते, दुसरीने टाकले नाही. याच दुसऱ्या पाहणीत ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेपेक्षा जास्त निघाले. हे विष बुरशी लागलेल्या पशुखाद्यातून जनावराच्या पोटातून दुधात उतरते, त्याचा कोणत्याही भय्याच्या किटलीशी संबंध नसतो आणि लॅक्टोमीटरला ते दिसत नाही. शतकभर ज्या शोधावर यंत्रणा खर्च झाली, त्याच्या बाहेरच ते होते.

गाईच्या दुधाचे देशभरासाठीचे किमान प्रमाण पुढे ३.२ टक्के फॅट आणि ८.३ टक्के एसएनएफ असे उतरवले गेले. संकरित गाईंचे पातळ दूध हीच आता वस्तुस्थिती असल्याची ती कबुली होती. परंतु महाराष्ट्रात खरेदीचे दर दीर्घकाळ ३.५ आणि ८.५ या जुन्या आकड्यांनाच बांधलेले राहिले, आणि त्यांच्या खाली लागणाऱ्या प्रत्येक पॉइंटला दर कापला जाई. शहरातील ग्राहकाच्या रक्षणासाठी तयार झालेली मापे अशा रीतीने गावच्या संकलन केंद्रावर उत्पादकाचा भाव ठरवू लागली आहेत. तेथे आता गर्बरची नळी क्वचितच दिसते. ‘मिल्कोमीटर’ नावाचे विजेवर चालणारे यंत्र काही सेकंदांत फॅट आणि एसएनएफ छापून देते, यंत्र केंद्राच्या मालकीचे असते आणि कागदावर आलेला आकडा मान्य करण्याखेरीज शेतकऱ्यापुढे दुसरा मार्ग नसतो. म्हणूनच गेल्या काही वर्षांतील दूध आंदोलनांत दरवाढीच्या बरोबरीने आणखी एक मागणी सातत्याने पुढे आली आहे: दुकानातील तराजूची तपासणी करणाऱ्या वैधमापन खात्याने संकलन केंद्रांवरील मिल्कोमीटर आणि वजनकाटेही तपासावेत.